जलपर्णीचा आडोसा

माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर पेन हातात आलं ते कुठे सही करायची असली तरच. हे मी कुणाला दाखवण्यासाठी लिहीत नाही. पण पुढेमागे लेकीच्या हाती लागलं, तर तिनं लाल पेन घेऊन बसू नये, एवढंच म्हणणं आहे.

लिहायचं कारण म्हणजे मला चार माणसांत बोलता येत नाही. घरात बोलते, भाजीवाल्याशी घासाघीसही करते. पण बचत गटाच्या बैठकीत बाया गोल बसल्या आणि सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळले, की घसा कोरडा पडतो. मागच्या वर्षी मला तिथं पुष्कळ सांगायचं होतं. तेव्हा सांगता आलं नाही, ते आता इथं लिहिते.

आम्ही मूळचे मराठवाड्यातले. सांगवीत नदीच्या अंगाला दोन खोल्यांत राहतो. हे, मी, लेक आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. ह्यांची कंपनी चाकणला, शिफ्ट बदलती. खोलीमागे पत्रा टाकलेला बोळ आहे. पाणी दिवसाआड येतं, म्हणून तिथं एक निळं पिंप कायम भरून ठेवलेलं असतं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या सुरुवातीलाच आत्याबाईंना डेंग्यू झाला. त्या बऱ्या होऊन घरी आल्यावर ह्यांनी कामावरून येताना पाण्यानं फुगलेली एक पिशवी आणली. त्यांच्या कंपनीशेजारी नवीन शेड बांधत होते आणि तिथल्या सुपरवायझरनं बांधकामाच्या हौदात गप्पी मासे सोडले होते. त्यातलेच थोडे. पोट सुटलेल्या माद्या आणि त्यांच्याहून बारीक, शेपटीला रंग असलेले नर.

"पिंपात सोड," हे म्हणाले. "डासांच्या अळ्या खातात. दुसरं काही मागत नाहीत."

आत्याबाई खाटेवरून म्हणाल्या, "आता मासळी पाळायलाव का? मग कोंबडीनं काय पाप केलतं? निदान अंडं तरी दिलं असतं."

गप्पी अंडंही घालत नाही. तिला जिवंत पिल्लंच होतात. पहिली पिल्लं मला दिसली तेव्हा वाटलं, पाण्यात कचरा पडलाय. मग तो कचरा पळाला. डोळे तेवढे मोठे आणि मागे केसाएवढं अंग. मी चहाची गाळणी घालून पाहिली आणि गाळणीत डोळेच डोळे आले. पुढच्या महिन्यात आणखी. मग त्या पिल्लांनाच पिल्लं. गणपती बसेपर्यंत पिंपात गाळणी कुठंही घातली तरी रिकामी वर येत नव्हती. मला आयुष्यात एखादी गोष्ट इतकी सहज वाढताना दिसली नव्हती.

गल्लीतल्या बायका आपापल्या पिंपासाठी मूठभर मासे मागून नेऊ लागल्या. पिंपळे सौदागरला शोभेचे मासे विकणारा एक दुकानदार होता. त्याच्याकडे लेक माझे मासे घेऊन गेली, तर तो म्हणाला, जेवढे असतील तेवढे आणा. चाकणचा सुपरवायझर ह्यांना म्हणाला, साइट वाढत चालल्यात, नेमानं देणारं कुणी असलं तर बरं. तेव्हा ह्यांनीच विषय काढला, की गटातून कर्ज घे आणि आणखी पिंपं टाक.

आमचा गट लहान. एका वेळी एकीलाच मोठं कर्ज देता येतं. तिचं फिटलं की दुसरीला. त्या वेळी नंबर शेजारच्या काकूंचा होता. काकू मूळच्या सांगवीच्याच. त्यांना घरगुती पिठाची गिरणी घ्यायची होती, मिरची-मसाला कुटायच्या यंत्रासकट. बैठकीत मी मान खाली घालून बसले होते. काकूंनीच माझी गोष्ट सांगितली.

"हिला आधी द्या," त्या म्हणाल्या. "माझी गिरनी थांबंल. फकस्त उन्हाळ्याच्या आत माझा नंबर लागू द्या. लोकांचा मसाला कुटायचा असतो तवा गिरनी न्हाई, तर मग ती काय पूजंला मांडू?"

सगळ्या हसल्या. मला पैसे मिळाले. मी फक्त काकूंचा हात धरला.

भंगारवाल्याकडून सहा पिंपं आणली. वास पूर्ण जाईपर्यंत धुतली, उन्हात वाळवली, नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवून मग मासे वाटून सोडले. विरळ सोडलेले मासे भराभर वाढले. दिवाळीला सगळी पिंपं भरली. आणि इथंच माझं चुकलं.

गटात आम्हाला पहिल्यापासून एक शिकवलेलं, मुद्दल मोडायचं नाही. टाकलेले पैसे तसेच राहू द्यायचे, वाढू द्यायचे, मधेच हात घालायचा नाही. मी माशांनाही तेच लावलं. सुपरवायझरनं मासे मागितले तर ह्यांच्याकडून निरोप पाठवला, थोडं थांबा. दुकानदारालाही तेच.

"काढ की थोडे," हे म्हणाले. "मागणी आहे तोवर दे."

"इतक्यात नाही. भरपूर झाले की एकदम काढू. मुद्दल मोडायचं नसतं."

"मासे हायेत ते, मुदत ठेव न्हाय," आत्याबाई म्हणाल्या. तेव्हा मी लक्ष दिलं नाही.

हप्ते ह्यांच्या ओव्हरटाइममधून जाऊ लागले. थंडी आली. दुकानदार म्हणाला, "ताई, थंडीत ते सुस्तावतात, पिल्लं कमी होतात, उन्हं वाढली की बघा." म्हणून मी उन्हं वाढायची वाट पाहिली. शिवरात्र झाली, दुपारी पत्रा तापू लागला. माद्यांची पोटं फुगत होती, रिकामी होत होती, पुन्हा फुगत होती. पण पिंपातले मासे वाढत नव्हते. होते तेवढेच राहत होते. पिल्लं एक दिवस दिसायची आणि दुसऱ्या दिवशी नसायची.

आधी वाटलं, नदीवरचा खंड्या येत असेल. पिंपांवर जुनं नायलॉनचं पातळ ताणून बांधलं. मग वाटलं मांजर. मग आत्याबाईंनी पिंपांवरून मीठ-मिरची ओवाळून टाकली. पातळ जागच्या जागी होतं, मांजर शेजारी झोपलेलं होतं, नजरही उतरली होती, आणि पिल्लं तरीही नाहीशी होत होती.

मग मला सुचलं, की ती उपाशी असतील. पोट भरलेलं असेल तर वाढतील. शिळ्या पोळीचा चुरा, भात, उकडलेल्या अंड्याचा बलक, जे हाताला लागेल ते घालत गेले. चार दिवसांत दोन पिंपांचं पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढरट झालं, वास यायला लागला, आणि एका सकाळी त्यातले सगळे मासे वर तरंगत होते. मी ते गाळणीनं काढले आणि बोळाच्या टोकाच्या पेरूच्या झाडाखाली पुरले.

बैठकीत हप्ता अपुरा पडला. काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय गं बाय, तुझं मासं कुटं गेलं? पोहून मुंबईला गेलं का?"

मी रुमालाची गाठ पुन्हा पुन्हा आवळत राहिले.

"म्या मसाल्याच्या गिऱ्हाइकांना सांगून बसले, ह्या साली माझ्याकडंच या म्हून. आता त्यांना काय मासं कुटून देऊ?"

बाया हसल्या, पण काकू हसल्या नव्हत्या. उन्हाळ्याच्या आत त्यांचा नंबर लागणार नाही हे तिथं सगळ्यांना कळलं होतं. ज्या बाईनं आपला नंबर मला दिला, तिचा हंगाम माझ्यामुळे जाणार होता. कुणी चोरी केल्याचा आळ घेतला असता तरी मला इतकं लागलं नसतं.

त्याच आठवड्यात मी एक पोटुशी मादी आणि तिच्याबरोबर तीन-चार मासे लोणच्याच्या काचेच्या बरणीत घेतले. पिंपात वरून काही कळत नव्हतं, बाजूनं पाहावं म्हटलं. दुपारी भांडी झाल्यावर बरणीसमोर बसले. थोड्या वेळानं पहिलं पिल्लू पडलं. मुटकुळं करून पडलं, तळाशी गेलं, तिथं सरळ झालं आणि पोहायला लागलं. मला इतका आनंद झाला की मी आत्याबाईंना हाक मारणार होते. तेवढ्यात मादी वळली आणि तिनं ते गिळलं. तिनंच. मग दुसरं पडलं, ते दुसऱ्या माशानं गिळलं. लपायला बरणीत काही नव्हतं. पिल्लू चारी बाजूंना पळालं तरी काचच होती.

मी बरणीवर फडकं टाकलं. संध्याकाळी मला जेवण गेलं नाही. आत्याबाईंनी फार खोदून विचारलं तेव्हा सांगितलं, की आईच खाते पोरांना.

त्यांनी माझं ताट झाकून ठेवलं. मग म्हणाल्या, "माझी सात झाली. चार ऱ्हायली. गेली त्यांना म्या न्हाई खाल्लं. ताप खाऊन गेला, गोवर खाऊन गेला. पर लोक तवा मलाच बोलले." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "तिला वाईट म्हनू नगंस. तिथं जागाच न्हाई."

लेक तेव्हा अकरावीत होती, सायन्सला. तिला मी दुसऱ्या दिवशी बरणी दाखवली. तिला आश्चर्य वाटलं नाही. ती बोळात उकिडवी बसली आणि ओल्या बोटानं फरशीवर एक रेघ काढली.

"हे बघ मम्मी. थोडे असतात तेव्हा रेघ हळू चढते. मग एकदम उभी चढते. मग जागा भरते, खाणं पुरत नाही, घाण साचते, एकमेकांना खातात, रोग येतो. मग अशी आडवी होते."

"आडवी झाली म्हणजे मेले?"

"नाही. जन्मतात पण, जातात पण. तेवढ्याला तेवढेच. म्हणून वाढत नाहीत."

फरशीवरची रेघ वाळायला लागली होती. मी विचारलं, "सगळ्यात जोरात कुठं चढते?"

तिनं मधे बोट ठेवलं. "इथं. साधारण अर्धं भरलेलं असताना."

मी त्या जागेकडे बघत राहिले. दिवाळीपासून मी माझी पिंपं काठोकाठ भरून ठेवली होती. ज्या मुद्दलाला मी हात लावत नव्हते, तेच आपली पिल्लं खात होतं. पैसे ठेवले तर वाढतात, ते एकमेकांना गिळत नाहीत. मासे ठेवले तर थांबतात. काढले असते तरच वाढले असते. एवढी साधी गोष्ट, आणि हे मला दर आठवड्याला "काढ की" म्हणत होते.

सगळ्यात आधी अर्धे मासे काढले. दुकानदाराकडे लेकीबरोबर मी स्वतः गेले. त्याच्या दुकानात काचेच्या टाक्यांमध्ये हिरवं गवत हलत होतं. मी ते काय म्हणून विचारलं, फार हळू विचारलं असणार, कारण त्याला दोनदा विचारावं लागलं. तो म्हणाला, "ताई, हे शोभेला नाही हो. पिल्लांना लपायला. तळ्यात शेवाळ असतं, मुळं असतात, तिथं घुसून बसतात. तुमच्या पिंपात काय आहे?"

"पाणी," मी म्हणाले.

"मग मोकळ्या मैदानात सोडल्यागत झालं ना पोरं."

गवताला पैसे पडले असते. पण येताना पुलावरून नदी दिसली. त्या दिवसांत नदी दिसतच नाही, काठापासून काठापर्यंत जलपर्णी. जांभळी फुलं येतात, लांबून बघायला बरी वाटते, पण तिच्यामुळेच आमच्याकडे डास. मशिननं काढतात, ट्रक भरून नेतात, पुन्हा तेवढीच होते. तिला इथं खाणारं कुणी नाही आणि गटाराचं पाणी तिला खतासारखं लागतं. मी काठावर उतरले आणि एक रोप उपटलं. खाली लांब काळी मुळं, केसांच्या गंगावनासारखी दाट. मोठा मासा आत शिरला नसता. केसाएवढं पिल्लू शिरलं असतं.

घमेलंभर जलपर्णी घेऊन मी गल्लीत शिरले तेव्हा काकू ओट्यावर तांदूळ निवडत होत्या.

"अगं, लोकं कंत्राट देऊन ही बला नदीतून काढत्यात, अन तू डोक्यावरून घरात आणतीस?"

"माशांना," मी म्हणाले.

"मासं खात्यात व्हय ही?"

"नाही. लपायला."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. मग तांदळाकडे वळल्या. "लपायला," त्या सुपालाच म्हणाल्या. "मला बी दे एक. मसाल्याची गिऱ्हाइकं आली की मी बी लपंन."

मुळं मी तीन पाण्यांतून धुतली आणि रोपं दोन दिवस वेगळ्या टोपात ठेवली. नदीचं पाणी चांगलं नाही, त्याच्याबरोबर काय येईल सांगता येत नाही. मग प्रत्येक पिंपात दोन-दोन रोपं सोडली. आठवड्यानं एक रोप हलकेच उचललं, तर मुळांतून पिल्लांचा पाऊस पडला. मी ते लगेच पुन्हा खाली ठेवलं.

त्यानंतर काम सरळ झालं, पण सोपं नव्हतं. जलपर्णीही वाढायची. थोडं दुर्लक्ष झालं की पिंपाचं तोंड झाकून टाकायची, आणि तिच्याखाली मासे वर येऊन तोंड उघडायचे. तीही उपटून कमी करावी लागे. मासे अर्ध्यावर ठेवायचे, रोपं निम्म्यावर, खाणं चिमटीनं. दर रविवारी मी गाळणी घेऊन मोठे मासे काढायची आणि हे सोमवारी शिफ्टला जाताना पिशव्या चाकणला न्यायचे. बसमधले लोक त्यांना म्हणायचे, "काय राव, आज डब्यात काय, जिवंत कालवण?" हे हसून पिशव्या मांडीवर धरून बसायचे. दर रविवारी पिंप थोडं रिकामं दिसलं की मला आधी धसका बसे. पुढच्या रविवारपर्यंत ते भरलेलं असे. रिकामी जागा पाहून घाबरायचं नाही, हे शिकायला मला सगळा उन्हाळा लागला.

तो उन्हाळा काकूंचा मात्र गेलाच. गल्लीत मिरच्या वाळल्या आणि बाया डबे घेऊन लांबच्या गिरणीला जाऊ लागल्या. काकू ओट्यावरून बघत बसायच्या. मला टोमणे मारणं त्यांनी बंद केलं होतं. ते मारत होत्या तेव्हा बरं होतं. मी एकदा त्यांच्याकडे जाऊन उंबऱ्यात उभी राहिले. काय बोलायचं ते घरून जुळवून गेले होते, ते काही निघालं नाही. शेवटी म्हणाले, "दिवाळीच्या भाजणीआधी."

"काय भाजनीआधी?"

"तुमची गिरणी."

काकूंनी मला आत बोलावलं आणि चहा ठेवला.

पावसाळ्यात नदी फुगली. जी जलपर्णी मशिनला आटोपत नव्हती ती एका रात्रीत वाहून गेली आणि पाणी पुन्हा दिसायला लागलं. पुलावर उभी राहून मी ते पाहिलं. माझ्या पिंपांत पूर येत नाही. म्हणून तिथला पूर मलाच व्हावं लागतं, दर रविवारी, गाळणीएवढा. पाऊस उघडल्यावर साइटवरच्या हौदांना मासे हवेच असतात. सुपरवायझरनं सगळे नेले. दुकानदारानंही नेले. ओव्हरटाइमचे पैसे पुन्हा घरात वापरायला मिळू लागले.

दसऱ्याच्या आधी गटाची बैठक होती. अध्यक्ष बाईंनी हप्ता विचारला. मी रुमालाची गाठ सोडून पैसे सतरंजीवर ठेवले.

"शेवटचा," मी म्हणाले.

"ऐकू न्हाई आलं," काकू पलीकडून म्हणाल्या. "मोठ्यानं बोल की. माशांशी बोलतीस का आमच्याशी?"

सगळे डोळे माझ्याकडे वळले. घसा कोरडा पडलाच. तरी मी म्हणाले, "शेवटचा हप्ता आहे. मागं राहिलेलंही त्यात आहे."

अध्यक्ष बाईंनी पैसे मोजले, मान हलवली आणि लगेच पुढचं नाव पुकारलं. ते काकूंचं होतं. काकू सतरंजीवर सरकत माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि कानात म्हणाल्या, "पहिली भाजनी तुझी. दळनावळ घेनार न्हाई. पर त्या हातांनी डबा आनू नगं, गिरनीला मासळीचा वास लागंल."

मी माझे हात पदराला पुसले. कर्ज पुरतं फिटलं होतं.